'साठ टक्के होमोलॉजी' म्हणजे काय रे भाऊ?

कुठल्याही विद्यापीठातल्या लाइफ सायन्सच्या पोस्टर सेशनला जा, हे वाक्य तुम्हाला हमखास भेटेल : 'आमच्या सिक्वेन्सची अमुक प्रथिनाशी ६० टक्के होमोलॉजी आढळली.' प्रबंधांत भेटेल, सेमिनारच्या स्लाइडवर भेटेल, छापून आलेल्या पेपरांतही भेटेल. वाक्यात व्याकरणाची चूक नाही. आकडाही बहुधा बरोबर असतो. तरीही या वाक्याला अर्थ नाही. का नाही, हे समजून घ्यायचं तर आपल्याला एका फार ओळखीच्या गोष्टीकडे जरा संशयाने बघावं लागेल. ती गोष्ट म्हणजे 'फरक स्पष्ट करा'चा तक्ता.

हा तक्ता आपल्यासोबत शाळेपासून आहे. मधोमध उभी रेघ, डावीकडे मायटॉसिस, उजवीकडे मेयॉसिस, चार मुद्दे, चार गुण. बारावीला तोच, बीएस्सीला तोच, आणि नेट-सेटच्या क्लासच्या नोट्स उघडल्या तर तिथेही तोच. पाठ करायला सोपा, तपासायला सोपा. मायटॉसिस आणि मेयॉसिससारख्या जोडीसाठी तो चांगलं कामही करतो, कारण त्या दोन्ही पेशीविभाजनाच्याच पद्धती आहेत. एकाच प्रश्नाची दोन उत्तरं आहेत ती.

पण जीवशास्त्रात ज्या जोड्यांचा खरा घोळ होतो, त्या बहुतेक अशा नसतात. त्यातले दोन शब्द दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात. तक्ता मात्र दोघांना समोरासमोर बसवतो आणि आपल्याला वाटतं, हे एकमेकांच्या विरुद्ध आहेत. हे नसेल तर ते असणार. परीक्षेत याने काही बिघडत नाही. संशोधनात बिघडतं. चार जोड्या घेऊन दाखवते.

होमोलॉगस आणि ॲनालॉगस : ज्यांना रकाना मिळत नाही

तक्त्यातली व्याख्या तुम्हाला पाठच असेल. होमोलॉगस अवयव : रचना सारखी, काम वेगळं. ॲनालॉगस अवयव : रचना वेगळी, काम सारखं. उदाहरणंही ठरलेली. माणसाचा हात आणि देवमाशाचा पर एका बाजूला, फुलपाखराचा आणि पक्ष्याचा पंख दुसऱ्या बाजूला. वनस्पतींमध्ये बोगनवेलीचा काटा आणि भोपळ्याच्या वेलीचा आधाराला गुंडाळला जाणारा तंतू हे होमोलॉगस. उपवासाच्या ताटात शेजारी बसणारे बटाटा आणि रताळं हे ॲनालॉगस, कारण बटाटा हे खोड आहे आणि रताळं हे मूळ.

आता एक साधा प्रश्न. माणसाचा हात आणि माकडाचा हात, हे काय आहेत? रचना सारखी. पकडण्याचं कामही सारखं. तक्त्यात 'रचना सारखी, काम सारखं' असा रकानाच नाही. तक्ता अक्षरशः पाळला तर ज्या दोन हातांचं नातं सर्वांत स्पष्ट आहे, तेच होमोलॉगस ठरत नाहीत!

दुसरा प्रश्न. पक्ष्याचा पंख आणि वटवाघळाचा पंख? हा प्रश्न परीक्षेत आला की मुलं भांडतात, कारण एका पुस्तकात ही जोडी या बाजूला असते आणि दुसऱ्यात त्या बाजूला. दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी बरोबर असू शकतात. पुढचा पाय म्हणून बघितलं तर दोन्ही होमोलॉगस आहेत : खांद्यापासून बोटांपर्यंत तीच हाडं, एकाच पूर्वजाकडून आलेली. उडण्याचं साधन म्हणून बघितलं तर ॲनालॉगस आहेत. पक्ष्याच्या पंखाचा पृष्ठभाग पिसांचा असतो, वटवाघळाचा लांबलेल्या बोटांवर ताणलेल्या कातडीचा. आणि दोघांचा जो समान पूर्वज होता, तो उडत नव्हता. म्हणजे 'होमोलॉगस आहेत का?' हा प्रश्नच अर्धा आहे. 'कशाच्या बाबतीत होमोलॉगस?' असं विचारायला हवं.

इथे थोडा इतिहास कामाला येतो. या दोन शब्दांना आजच्या वापराजवळची व्याख्या दिली रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञाने, १८४३ मध्ये. डार्विनचं पुस्तक आलं १८५९ मध्ये, म्हणजे त्यानंतर सोळा वर्षांनी. ओवेनच्या मते वेगवेगळ्या प्राण्यांत आकार आणि काम कितीही बदललं तरी जो अवयव 'तोच' असतो, तो होमोलॉग. आणि दुसऱ्या प्राण्यातल्या एखाद्या अवयवासारखं काम करणारा, तो ॲनालॉग. महत्त्वाची गोष्ट अशी, की ओवेनच्या लेखी हे शब्द विरुद्धार्थी नव्हतेच. एखादा अवयव एकाच वेळी दोन्ही असू शकत होता. 'तोच' म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर डार्विननंतर मिळालं : समान पूर्वजाकडून आलेला.

थोडक्यात, होमोलॉगस हे 'कुठून आलं?' या प्रश्नाचं उत्तर आहे आणि ॲनालॉगस हे 'काय करतं?' या प्रश्नाचं. एखाद्या माणसाचं गाव विचारणं आणि धंदा विचारणं, यात जेवढा फरक आहे तेवढाच. 'सातारा' आणि 'शिंपी' यांचा 'फरक स्पष्ट करा' असा तक्ता कुणी काढत नाही.

जे मोजतात आणि जे ठरवतात

आता त्या साठ टक्क्यांकडे येऊ. तुम्ही तुमचा प्रथिनाचा सिक्वेन्स ब्लास्टमध्ये टाकता. निकालात प्रत्येक जुळणीखाली काय लिहिलेलं असतं ते नीट वाचा : स्कोअर, एक्स्पेक्ट, आयडेंटिटीज, पॉझिटिव्ह्ज, गॅप्स. 'होमोलॉजी अमुक टक्के' अशी ओळ तिथे नसते. तो शब्द आपण आपल्या मनाने घालतो.

आयडेंटिटीज म्हणजे शेजारी शेजारी मांडल्यावर किती जागी तंतोतंत तेच अमिनो आम्ल आहे. पॉझिटिव्ह्जमध्ये तेवढी जागा धरून शिवाय अशा जागा येतात, जिथे अमिनो आम्ल वेगळं आहे पण बदल 'चालण्यासारखा' आहे. उदाहरणार्थ ल्युसीनच्या जागी आयसोल्युसीन. म्हणजे आयडेंटिटी आणि सिमिलॅरिटी हेही दोन वेगळे आकडे आहेत, आणि सिमिलॅरिटीचा आकडा तुम्ही कोणती स्कोअरिंग मॅट्रिक्स वापरली यावर बदलतो. तरी ही दोन्ही मोजमापं आहेत. डोळ्यासमोरच्या दोन ओळींवरून ती काढता येतात.

होमोलॉजी मोजता येत नाही. ती भूतकाळात घडलेल्या गोष्टीबद्दलचा निष्कर्ष आहे : या दोन सिक्वेन्सचा पूर्वज एक होता. होता किंवा नव्हता. दोन माणसांचे चेहरे साठ टक्के जुळतात असं म्हणता येईल, पण ती दोघं साठ टक्के एका आजोबांची नातवंडं आहेत असं म्हणता येणार नाही. नातं जवळचं किंवा लांबचं असतं, टक्क्यांत नसतं. मराठी परिभाषेत होमोलॉगससाठी 'समजात' हा शब्द वापरतात. 'जात' म्हणजे जन्मलेलं. शब्दातच जन्म आहे. 'हे ६० टक्के समजात आहे' असं मोठ्याने म्हणून बघा, कानालाच खटकतं. इंग्रजी शब्द आपल्याला अपारदर्शक असतो, म्हणून तिथे खटकत नाही.

तुम्ही म्हणाल, हा शब्दांचा कीस झाला. सिमिलॅरिटी जास्त म्हणजे होमोलॉजी, कमी म्हणजे नाही, एवढं समजलं की पुरे. इथेच खरी गडबड आहे. दोन्ही बाजूंनी उदाहरणं बघा.

माणसाच्या हिमोग्लोबिनची अल्फा साखळी १४१ अमिनो आम्लांची, बीटा १४६ ची. त्यांच्यात आयडेंटिटी चाळीस टक्क्यांच्या थोडी वर आहे. अल्फा साखळी आणि स्नायूंमधलं मायोग्लोबिन यांच्यात ती सुमारे एक चतुर्थांशावर येते. आता शेतात चला. भुईमुगाच्या मुळावरची गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी दिसते. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनशी त्याची आयडेंटिटी वीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. निव्वळ टक्के बघितले तर कुणीही हा निकाल बाजूला टाकेल. पण त्रिमितीय रचना बघितली तर तीच ग्लोबिनची घडी, तोच हीम धरून ठेवणारा खिसा. ही सगळी प्रथिनं होमोलॉगस मानली जातात. टक्के कमी, तरी नातं आहे.

उलट बाजूने कायमोट्रिप्सिन आणि सबटिलिसिन घ्या. पहिलं प्राण्यांच्या पचनसंस्थेतलं, दुसरं बॅसिलस जिवाणूंमधलं. दोन्ही प्रथिनं तोडतात, आणि दोघांच्या कामाच्या जागी तेच त्रिकूट आहे : सेरीन, हिस्टिडीन, ॲस्पार्टेट. रासायनिक यंत्रणा इतकी सारखी की नातं असणारच असं वाटावं. पण दोन्हींची घडी पूर्णपणे वेगळी आहे. त्रिकुटातल्या अमिनो आम्लांचा साखळीतला क्रमसुद्धा वेगळा : कायमोट्रिप्सिनमध्ये आधी हिस्टिडीन, मग ॲस्पार्टेट, मग सेरीन, सबटिलिसिनमध्ये ॲस्पार्टेट आधी. उत्क्रांतीने तीच युक्ती दोनदा स्वतंत्रपणे शोधली. साम्य ठळक, तरी नातं नाही.

आणि नातं सिद्ध झालं तरी काम तेच असेल याचीही हमी नाही. बदकाच्या डोळ्याच्या भिंगात एप्सिलॉन क्रिस्टॅलिन नावाचं प्रथिन भरलेलं असतं. ते प्रत्यक्षात लॅक्टेट डिहायड्रोजिनेज आहे, चयापचयातलं ओळखीचं एन्झाइम. भिंगात ते पारदर्शक भरणीचं काम करतं. 'होमोलॉजी आढळली, म्हणून आमचं जनुकही हेच काम करतं' असं सिनॉप्सिसमध्ये लिहून पुढची तीन वर्षं त्या गृहीतकावर आखण्याआधी हे बदक आठवा.

१९८७ चं पत्र, आणि त्यात राहिलेलं

हे सगळं मी पहिल्यांदा सांगत नाहीये. १९८७ मध्ये 'सेल' या नियतकालिकात अकरा शास्त्रज्ञांचं एक छोटं पत्र छापून आलं. प्रथिनं आणि न्यूक्लिक आम्लांच्या बाबतीत 'होमोलॉजी' शब्दाचा जो गोंधळ चाललाय, तो आणि त्यातून बाहेर पडायची वाट, असा त्याचा विषय. सही करणाऱ्यांत रीक, डूलिटल, फिच, डिकरसन, शांबों, मार्गोलियाश, झुकरकांडल अशी मोठमोठी नावं. मागणी साधी : जे मोजलं त्याला सिमिलॅरिटी म्हणा, समान पूर्वजाचा निष्कर्ष काढलात तरच होमोलॉजी म्हणा. पत्र जेमतेम पानभराचं आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं माझं मत आहे.

पण त्याच्याकडे टीकेच्या नजरेनेही बघायला हवं. मला त्यात दोन गोष्टी अपुऱ्या वाटतात.

एक म्हणजे, 'होमोलॉजी टक्क्यांत सांगता येत नाही' हा नियम पूर्ण प्रथिन एकसंध असेल तर सरळ लागू होतो. पण अनेक प्रथिनं तुकडे जोडून बनलेली असतात. टिश्यू प्लास्मिनोजेन ॲक्टिव्हेटर हे नेहमीचं उदाहरण : त्यात प्रथिनं तोडणारा भाग आहे, शिवाय क्रिंगल नावाचे भाग आहेत, एपिडर्मल ग्रोथ फॅक्टरसारखा भाग आहे, आणि या भागांची नाती वेगवेगळ्या प्रथिनांशी आहेत. अशा वेळी 'या प्रथिनाच्या लांबीचा अमुक टक्के भाग त्या प्रथिनाशी होमोलॉगस आहे' हे वाक्य अर्थपूर्ण आहे. फक्त तो टक्का लांबीचा आहे, नात्याचा नाही. हा बारकावा नियमाच्या एका ओळीत मावत नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. पत्राने शब्द बदलायला सांगितलं, पण लोक चुकीचा शब्द का वापरतात याकडे फारसं बघितलं नाही. मला वाटतं, 'होमोलॉजी' म्हटलं की काम पूर्ण झाल्यासारखं वाटतं, हे त्याचं कारण. सिमिलॅरिटी म्हटलं की समोरचा विचारणार, 'बरं, मग पुढे?' पुढे युक्तिवाद करावा लागतो. होमोलॉजी म्हटलं की मोजमाप आणि निष्कर्ष एकाच घासात गिळता येतात. म्हणून इतक्या वर्षांनंतरही ते वाक्य पोस्टरवर टिकून आहे. नुसता शब्द बदलून ही सवय जात नाही, वाक्यच मोकळं करून लिहावं लागतं. काहीसं असं :

'आमच्या प्रथिनाची त्या प्रथिनाशी जवळजवळ पूर्ण लांबीत ६० टक्के आयडेंटिटी आहे आणि ई-व्हॅल्यू अत्यंत लहान आहे. म्हणून दोन्ही होमोलॉगस आहेत असा आमचा निष्कर्ष आहे.'

वाक्य लांबलं, पण आता वाचणाऱ्याला कळतं की मोजलं काय आणि मानलं काय. आणि हो, ई-व्हॅल्यूबद्दलही एक. ती 'होमोलॉजी नसण्याची शक्यता' नव्हे. तेवढ्या मोठ्या डेटाबेसमध्ये एवढा किंवा याहून चांगला स्कोअर निव्वळ योगायोगाने किती वेळा मिळेल, त्याचा तो अपेक्षित आकडा आहे. डेटाबेस मोठा झाला की त्याच जुळणीची ई-व्हॅल्यू वाढते. तुमचं प्रथिन मात्र तेच राहिलेलं असतं.

ऑर्थोलॉग आणि पॅरालॉग : प्रजातीवरून ठरत नाही

तक्ता म्हणतो : ऑर्थोलॉग वेगवेगळ्या प्रजातींत, पॅरालॉग एकाच प्रजातीत. क्लासच्या नोट्समध्ये ही ओळ इतकी सर्रास असते की नेटच्या पर्यायांत नेमका हाच सापळा लावता येतो.

हे शब्द वॉल्टर फिचने १९७० मध्ये मांडले. वरच्या पत्रावर सही असलेला तोच फिच. त्याचा प्रश्न प्रजातींचा नव्हताच, घटनेचा होता. दोन जनुकं एकमेकांपासून कशामुळे वेगळी झाली? प्रजाती फुटल्यामुळे असेल तर ऑर्थोलॉग. जनुक दुप्पट झाल्यामुळे असेल तर पॅरालॉग.

आता सांगा, माणसाची अल्फा साखळी आणि घोड्याची बीटा साखळी, हे काय? प्रजाती वेगळ्या, म्हणून तक्ता म्हणेल ऑर्थोलॉग. पण अल्फा आणि बीटा वेगळ्या झाल्या त्या जनुक दुप्पट होण्यातून. आणि ती घटना माणूस-घोडा वेगळे होण्याच्या कितीतरी आधीची. म्हणून ते पॅरालॉग आहेत.

याने बिघडतं काय? हिशेब करून बघा. अल्फा-बीटाची फारकत साधारण ४५ ते ५० कोटी वर्षांपूर्वीची मानतात. माणूस आणि घोडा यांच्या वंशशाखा वेगळ्या झाल्या सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी. तुम्ही माणसाची अल्फा आणि घोड्याची बीटा घेऊन वंशवृक्ष काढलात, तर तुम्हाला दोन जनुकांच्या फारकतीचा काळ मिळेल आणि तुम्ही त्याला दोन प्राण्यांच्या फारकतीचा काळ समजाल. पाचपट चूक. सॉफ्टवेअर कुठलीही सूचना देणार नाही, झाड सुंदर दिसेल, बूटस्ट्रॅपचे आकडेही चांगले येतील. तक्त्यातली एक सोपी ओळ एवढं करू शकते.

लेहला गेलेला जवान

ॲडॅप्टेशन आणि ॲक्लिमटायझेशन. मराठीत तर आपण दोन्हीला बऱ्याचदा 'अनुकूलन' किंवा 'जुळवून घेणं' म्हणून मोकळे होतो. तक्त्यात फरक असा : एक कायमचं, दुसरं तात्पुरतं, एक हळू, दुसरं जलद. चुकीचं नाही, पण हे परिणाम झाले. मूळ फरक हा, की घटना कोणाच्या बाबतीत घडते. ॲक्लिमटायझेशन एका शरीरात, त्याच्या हयातीत घडतं. ॲडॅप्टेशन लोकसमूहात घडतं, पिढ्यांमधून, नैसर्गिक निवडीने. एकटा जीव या अर्थाने ॲडॅप्ट होऊच शकत नाही.

समजा साताऱ्याचा एखादा जवान लेहला पोहोचला. उंची सुमारे ३,५०० मीटर. आधी त्याचा श्वास वाढतो, रक्तातला द्रव भाग कमी होतो, पुढच्या आठवड्यांत मूत्रपिंडातून जास्त एरिथ्रोपोएटिन सुटून लाल पेशी वाढतात. हिमोग्लोबिन चढतं. बदली होऊन खाली आला की काही आठवड्यांत उतरतं. हे ॲक्लिमटायझेशन.

आता पिढ्यानपिढ्या तिबेटच्या पठारावर राहणारे लोक बघा. त्यांच्यात हिमोग्लोबिन अजून जास्त असेल असं वाटेल ना? तसं नाही. ४,००० मीटरच्या आसपासही त्यांचं हिमोग्लोबिन बरेचदा समुद्रसपाटीच्या लोकांच्या जवळपास असतं. २०१० मध्ये वेगवेगळ्या गटांच्या जीनोम अभ्यासांतून ईपीएएस-१ या जनुकावर निवडीची खूण दिसली. त्या जनुकाचा तिबेटी प्रकार हिमोग्लोबिनची ही वाढ आवरून धरण्याशी जोडलेला आहे. फार लाल पेशी म्हणजे घट्ट रक्त आणि त्याचे धोके, त्यामुळे ती आवरण्यात फायदा असावा.

म्हणजे इथे दोन्ही गोष्टींची दिशाच उलटी आहे. शरीर जुळवून घेतं तेव्हा हिमोग्लोबिन वाढतं, समूह ॲडॅप्ट होतो तेव्हा ते वाढू न देणारा जनुकप्रकार निवडला जातो. 'ॲडॅप्टेशन म्हणजे तेच, पण कायमचं' असं डोक्यात ठेवून निघालेला संशोधक जास्त हिमोग्लोबिन देणारं जनुक शोधत बसला असता.

एन = किती?

शेवटची जोडी प्रयोगशाळेतली, कारण सिनॉप्सिसच्या सादरीकरणात मार्गदर्शक समितीचा पहिला प्रश्न बहुधा इथूनच येतो. टेक्निकल रेप्लिकेट आणि बायोलॉजिकल रेप्लिकेट. एका फ्लास्कमधून आरएनए काढला, प्लेटच्या तीन विहिरींत टाकला. तीन आकडे आले. एन = ३? नाही. जीवशास्त्राच्या दृष्टीने एन = १. त्या तीन आकड्यांवरून तुमचा हात किती स्थिर आहे आणि मशीन किती नीट चालतंय हे कळतं. पेशींमध्ये किती फरक असतो हे कळत नाही, कारण पेशींचा नमुना एकच होता.

शेतीवाल्या मित्रांसाठी : एका वाफ्याला खत घातलं, दुसऱ्याला नाही. दोन्हींतून वीस-वीस रोपं मोजली. एन = २०? खत रोपाला दिलं नव्हतं, वाफ्याला दिलं होतं. वाफा एक. दुसऱ्या वाफ्यात पाणी साचत असेल, तर तुमच्या वीस रोपांना ते वेगळं ओळखता येणार नाही.

स्टुअर्ट हर्लबर्टने १९८४ मध्ये याला 'स्यूडोरेप्लिकेशन' असं नाव दिलं. त्याने परिसरशास्त्रातले १७६ प्रायोगिक अभ्यास तपासले. २७ टक्क्यांत ही चूक होती. आणि ज्यांनी संख्याशास्त्रीय चाचण्या लावल्या होत्या, फक्त त्यांतलं प्रमाण बघितलं तर ४८ टक्के. छापून आलेले अभ्यास होते हे, कच्च्या वह्या नव्हेत. 'रेप्लिकेट' हा शब्द सगळ्यांनाच माहीत होता. 'कशाचा रेप्लिकेट?' हे विचारायचं राहिलं होतं.

मग तक्ता फाडून टाकायचा का?

नाही. परीक्षा द्यायचीच आहे आणि तिथे चार मुद्दे लागणारच. मी सुचवते ते असं : तक्ता काढा, पण पहिल्या मुद्द्याच्या वर एक जास्तीची ओळ घाला. तिथे दोन्ही शब्दांखाली लिहा, 'हा शब्द कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे?' त्याखाली लिहा, 'हे मोजतात की अनुमानाने ठरवतात?' आणि 'हे कोणाला लागू होतं : रेणूला, पेशीला, एका जिवाला की समूहाला?' दोन्ही रकान्यांत तेच उत्तर आलं, तर ती मायटॉसिस-मेयॉसिससारखी सरळ जोडी आहे, खुशाल तक्ता पूर्ण करा. उत्तरं वेगळी आली तर थांबा. तिथे घोळ आहे, आणि पुढचे चार मुद्दे पाठ करून तो सुटणार नाही.

एक जोडी करून दाखवते. पेनिट्रन्स आणि एक्स्प्रेसिव्हिटी. दोन्हींच्या व्याख्या वाचल्या की डोकं गरगरतं. प्रश्न विचारा. ठरावीक जनुकप्रकार असलेल्या लोकांपैकी किती जणांत लक्षण दिसतं? उत्तर : पेनिट्रन्स. समूहाचा आकडा आहे. ज्याच्यात दिसतं, त्याच्यात किती दिसतं? उत्तर : एक्स्प्रेसिव्हिटी. एकेका माणसाची गोष्ट आहे. जास्तीच्या बोटांचं उदाहरण लावा : दहा जणांकडे तो जनुकप्रकार आहे आणि आठ जणांना जास्तीचं बोट आहे, हे पेनिट्रन्स. त्या आठांपैकी कुणाला पूर्ण बोट, कुणाला नुसता मांसाचा कोंब, हे एक्स्प्रेसिव्हिटी. आता पाठ करायची गरज उरली का?

पुढच्या आठवड्यात तुम्ही जो पेपर वाचाल, त्यात 'होमोलॉजी', 'ॲडॅप्टेशन', 'रेप्लिकेट' हे शब्द जिथे येतील तिथे पेन्सिलीने खूण करा आणि समासात लिहा : मोजलंय की मानलंय? कशाच्या बाबतीत? किती जागी लेखकांनी उत्तर दिलंय आणि किती जागी ते तुमच्यावर सोडलंय, ते मोजा. व्हायव्हामध्ये परीक्षक तुमच्या प्रबंधावर नेमकी हीच पेन्सिल चालवणार आहेत. त्याआधी आपणच चालवलेली बरी.